९ ऑगस्ट, पडांग आणि आमचे सगळे शनिवार

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. सिंगापूरच्या एनएसवर, म्हणजे नॅशनल सर्व्हिसवर, इथे आधी जे धागे निघाले ते मी सगळे वाचलेत. सगळे आईबाबांनी काढलेले. मुलाला पाठवायचं का, पीआर म्हणजे कायम रहिवासाचा परवाना सोडून परत जायचं का, दोन वर्षं वाया जातात का. प्रश्न बरोबरच आहेत, पण ज्याने ती दोन वर्षं काढली त्याचं लिहिलेलं एकही सापडलं नाही. माझं एनएस नुकतंच संपलंय म्हणून लिहितोय. सगळं नाही लिहीत, फक्त एका दिवसाबद्दल आणि त्या दिवसापायी गेलेल्या शनिवारांबद्दल. ९ ऑगस्ट २०२४, सिंगापूरचा नॅशनल डे, मी पडांगवर, म्हणजे तिथल्या मोठ्या मैदानावर, परेडला उभा होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं, हाताशी सैन्य जवळजवळ नव्हतंच, म्हणून १९६७ मध्ये सक्तीची सेवा सुरू केली आणि ती आजही चालू आहे. अठराचा झाला की मुलगा दोन वर्षं सैन्यात नाहीतर पोलिसात नाहीतर सिव्हिल डिफेन्समध्ये. नुसते नागरिकच नाही, आईबाबांबरोबर लहानपणी पीआर झालेली माझ्यासारखी मुलंपण. बाबा स्वतःच्या नोकरीवर पीआर झालेले त्यामुळे त्यांना लागू नाही, मुलींना सक्ती नाही म्हणून ताईला नाही, घरातून मी एकटाच. पासपोर्ट तेव्हा भारताचाच होता. मी मूळचा नाशिकचा, चौथीपर्यंत तिथल्याच मराठी शाळेत होतो, मग इकडे आलो.

टेकाँग बेटावरच्या बेसिक ट्रेनिंगबद्दल फार लिहीत नाही, यूट्यूबवर भरपूर आहे. बोटीने जायचं, पहिल्या दिवशी आईबाबा सोबत येतात, कुकहाऊसमध्ये आपल्याबरोबर जेवतात आणि परत जातात, मग केस कापतात. नऊ आठवड्यांनी युनिट मिळालं आणि थोड्याच दिवसांत आमच्यातले काही जण एनडीपीसाठी अ‍ॅरो झालो. एनडीपी म्हणजे नॅशनल डे परेड आणि अ‍ॅरो होणं म्हणजे काम अंगावर पडणं. यायचंय का असं कुणी विचारत नाही. लिस्ट लागते, त्यात आपला नंबर असतो.

आता शनिवारांचं सांगतो, कारण टीव्हीवर परेड बघणाऱ्याला हे दिसत नाही. एनएसमध्ये शुक्रवारी संध्याकाळी बुक आऊट म्हणजे घरी, रविवारी रात्री बुक इन. सगळा आठवडा मुलगा त्या बुक आऊटवर जगत असतो. आणि एनडीपीच्या सगळ्या रिहर्सल शनिवारी. आधी कॅम्पमध्ये नुसतं ड्रिल, मग सगळ्या तुकड्यांची पडांगवर एकत्र रिहर्सल, मग शाळेतल्या मुलांसाठीचे एनई शो, मग प्रिव्ह्यू आणि मग खरा दिवस. मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत मित्रांचे वाढदिवस गेले, ताई सुट्टीवर आली तिला नीट भेटलो नाही. बदल्यात आठवड्यात कधीतरी ऑफ मिळायचा, पण मंगळवारी दुपारी घरात कोण असतं. ही तक्रार नाहीये, नॅशनल डेच्या संध्याकाळी दोन तास जो सोहळा लोक बघतात तो कशातून उभा राहतो एवढं सांगायचंय.

रिहर्सलला सकाळी लवकर रायफली काढायच्या, मोजायच्या, ट्रकमध्ये चढायचं, शहरात पोचून एखाद्या सावलीच्या जागी तासन्‌तास बसायचं. मग वॉटर परेड. सगळे एका रांगेत, बाटली वर, सार्जंट मोजणार, बाटली रिकामी झाली की डोक्यावर उलटी करून दाखवायची. नको असलं तरी प्यायचंच. कारण पुढे पडांगवर जे उभं राहणं आहे ते चालण्यापेक्षा कितीतरी अवघड. उन्हात, रायफल घेऊन, न हलता. घाम डोळ्यात उतरतो आणि पुसायचा नाही. गुडघे ताठ लॉक केले की माणूस पडतो म्हणून गुडघे किंचित सैल, वजन पुढच्या पावलावर, बुटाच्या आत बोटं सतत हलवत राहायची, बाहेरून पुतळा आणि आत दहा बोटं चालू. हे आम्हाला आमच्या एन्चिकनी शिकवलं. एन्चिक म्हणजे वॉरंट ऑफिसर, आपण साहेब म्हणतो तसा मलय भाषेतला आदराचा शब्द. त्यांनी आमच्या वयाचे असताना याच पडांगवर परेड केलेली.

सगळे हुकूम मलयमध्ये. सेडिया म्हटलं की सावधान, सेनांग दिरी म्हटलं की विश्राम, होर्मात सेंजाता म्हटलं की शस्त्र सलामी. माझा बडी मलय मुलगा होता, सैन्यात प्रत्येकाला एक बडी जोडून देतात, त्याच्या घरचीच भाषा ती. पहिले काही आठवडे तो रात्री बंकमध्ये, म्हणजे झोपायच्या खोलीत, मला हुकूम हळू आवाजात म्हणून दाखवायचा आणि मी मोजे घालून फरशीवर ते करायचो.

एका रिहर्सलला माझ्या पुढच्या रांगेतला मुलगा पडला. आवाज झाला नाही फारसा, एकदम खाली. आम्ही हलायचं नसतं. मेडिक येतात, उचलून मागे नेतात आणि राखीव मुलगा त्या जागी येऊन उभा राहतो, रांग परत सरळ. तो मुलगा बरा होता, अर्ध्या तासात बसून पाणी पीत होता, पण संध्याकाळी ट्रकमध्ये रडत होता, आपली जागा गेली म्हणून. लक्षात घ्या, हाच मुलगा मे महिन्यात रोज म्हणायचा की मला यातून काढा. पुढच्या आठवड्यात जागा परत मिळाली तेव्हा अख्ख्या बंकने टाळ्या वाजवल्या.

आणि एनई शो. सिंगापूरमधल्या पाचवीच्या मुलांना दरवर्षी परेडची रिहर्सल दाखवायला नेतात. मी स्वतः २०१६ ला पाचवीत होतो, तेव्हा परेड नॅशनल स्टेडियममध्ये होती, नुकताच आलेलो, इंग्रजी कानाला लागत होतं पण तोंडातून निघत नव्हतं. शेजारच्या मुलाने हातातला झेंडा कसा हलवायचा ते दाखवलं होतं. यावेळी मी मैदानात आणि समोर हजारो पाचवीची पोरं. काय ओरडतात ती! आमची तुकडी आत शिरली आणि जो गोंगाट झाला त्याने मानेवरचे केस उभे राहिले. मोठ्या माणसांच्या खऱ्या परेडपेक्षा मला तो शनिवार जास्त लक्षात आहे.

आता खरा दिवस. ९ ऑगस्ट २०२४ शुक्रवार होता. माझ्या आईसाठी तो नॅशनल डे नंतर, आधी नागपंचमी, आणि वर श्रावणातला पहिला शुक्रवार म्हणजे जिवतीची पूजा. सकाळी फोन जमा करायच्या आत तिचा मेसेज आला की आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, दिंडं उकडतेय, तू कधी येशील. मी लिहिलं रात्र होईल. जिवतीला आई मुलांना ओवाळते आणि मूल जवळ नसेल तर चारी दिशांना अक्षता टाकते, ते माहीत असेल तुम्हाला. बाबांनी नंतर सांगितलं की संध्याकाळी टीव्ही लावून ती बसली होती, सगळ्या एकसारख्या टोप्या, एकसारखे युनिफॉर्म, मी काही तिला सापडलो नाही, मग तिने चार दिशांना अक्षता टाकल्या आणि पाचव्यांदा टीव्हीवर टाकल्या, सगळ्यांनाच.

त्या वर्षीची परेड खास होती, नवे राष्ट्राध्यक्ष थरमन आणि नवे पंतप्रधान लॉरेन्स वोंग दोघांचीही त्या पदांवरची पहिलीच. प्रेसिडेंट पाहणी करत जातात तेव्हा नजर समोर ठेवायची असते, मला फक्त कडेने काहीतरी पांढरं सरकल्यासारखं दिसलं. मग राष्ट्रगीत. आम्ही होर्मातमध्ये, शस्त्र सलामीत, गायचं नसतं, आमच्या भोवती सगळं मैदान गात होतं. वरून चिनूक हेलिकॉप्टर खाली टांगलेला प्रचंड मोठा झेंडा घेऊन गेलं, त्याचा आवाज छातीत बसतो. तोफांची सलामी मरीना बेच्या बाजूने, एकवीस.

मला काय वाटलं हे घरचे, मित्र, नाशिकची आजी सगळे विचारतात. खरं सांगतो. देश वगैरे शब्द त्या क्षणी डोक्यात नव्हते. उजवीकडे बडीचा खांदा, डावीकडे एका टॅक्सीवाल्या काकांचा मुलगा, त्याच्या पलीकडे एक मुलगा ज्याचे वडील फार मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि सगळ्यांच्या बुटात तीच दहा बोटं हलतायत हे मला माहीत होतं. यातल्या एकानेही ही जागा मागितली नव्हती. आम्हाला सक्तीने आणलं होतं आणि तरी त्या संध्याकाळी आम्ही ती रांग मोडू दिली नाही. त्याचा मला अभिमान आहे. आणि जे पालक म्हणतात ना की सक्ती आहे म्हणून त्यात भावना कसली, त्यांना मला एवढंच सांगायचंय की सक्ती येण्यापुरती होती, आल्यावर जे केलं ते आम्ही केलं.

परत कॅम्पला जाऊन रायफली साफ करून जमा करून घरी पोचायला मध्यरात्र उलटली. आई जागी होती. दिंडं तुपाबरोबर खाल्ली, आधी ओवाळून घेतलं.

---

निवृत्त_हवालदार

बाळा, लई चांगलं लिहिलंस. मी सातारा जिल्ह्यातला, मराठा लाइट इन्फंट्री, आता गावी शेती बघतो. आमच्या शेजारचं गाव आपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, आमच्या भागात सैन्य म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

तू लिहिलेलं बुटातल्या बोटांचं वाचलं आणि जुने दिवस आठवले. मी २६ जानेवारीला दिल्लीत राजपथावर होतो, आता कर्तव्यपथ म्हणतात. तुमच्याकडं उन्हाचा त्रास, आमच्याकडं थंडीचा. पहाटे अंधारात धुक्यात सराव, रायफलचं लोखंड हाताला चिकटायचं, शेजारचा दिसायचा नाही, नुसत्या पावलांच्या आवाजावर चालायचो. आम्हाला पण उस्तादांनी हेच शिकवलं, गुडघा सैल ठेव. जगात कुठंबी जा, उभं राहायचं तंत्र एकच.

पण एक विचारतो, रागावू नको. आमच्याकडं भरतीला एका जागेसाठी किती पोरं पळतात तू बघितलंस तर तुला पटणार नाही. रात्री स्टेशनवर झोपतात, सकाळी अनवाणी पळतात, उंची अर्धा सेंटीमीटर कमी भरली तर रडत घरी जातात. ज्याला वर्दी मागून मिळाली त्याचा अभिमान मला कळतो. ज्याला न मागता घातली त्याला तो खरंच येतो का रे? की नंतर गोड वाटतं?

---

गोदाकाठ

काका, नमस्कार. तुम्ही वाचलंत हेच खूप.

नंतर गोड वाटतं असंही होतं, नाही म्हणणार नाही. टेकाँगवर पहिल्या महिन्यात मला अजिबात अभिमान वगैरे नव्हता, रात्री मोजायचो किती दिवस राहिले, सगळेच मोजतात, त्याचं अ‍ॅपच असतं मुलांच्या फोनमध्ये. आमच्यातले काही शेवटपर्यंत तसेच राहिले आणि त्यांना मी दोष देत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर असं की तुमच्याकडे अभिमान वर्दी मिळाली त्या दिवसापासून असतो, आमच्याकडे तो शेजारच्यामुळे येतो. मी पडलो तर माझी रायफल कुणीतरी उचलणार, माझा पॅक कुणीतरी घेणार, चोवीस किलोमीटरच्या मार्चमध्ये शेवटी माझा पॅक बडीने मागून ढकलत आणला. त्याने पण हे मागितलं नव्हतं. मग मी त्याच्यासाठी उभा राहतो. एवढं साधं आहे.

दुसरं असं काका, सक्ती असल्यामुळे सगळे येतात. श्रीमंताचा मुलगा, गरिबाचा मुलगा, एकाच बंकमध्ये एकाच पंख्याखाली. भारतात माझी आपशिंग्याच्या मुलाशी गाठ कधी पडली असती का?

---

रोखठोक

लेख भावनिक आहे, आवडला, पण मला जे खटकतं ते स्पष्ट लिहितो. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट होता. भारतीय पासपोर्टवर तुम्ही दुसऱ्या देशाची रायफल घेऊन दुसऱ्या देशाच्या झेंड्याला सलामी दिली. आईबाबांनी पीआर घेतला तो घराच्या आणि शाळेच्या सोयीसाठी, त्याची किंमत अठरा वर्षांच्या मुलाने दोन वर्षं देऊन चुकवायची हे मला मान्य नाही. मुलाला कुणी विचारलं होतं? वेळेत परत यायचं, आपल्याकडे चांगली कॉलेजं आहेत.

---

गोदाकाठ

तुम्ही स्पष्ट लिहिलंत तर मीही लिहितो.

मला विचारलं होतं. पंधरा वर्षांचा असताना बाबांनी बसवून सगळं सांगितलं. इथे तेराव्या वर्षापासून मुलाला जास्त काळ बाहेर राहायचं तर एक्झिट परमिट लागतं, साडेसोळाला नोंदणी होते, आणि एनएस न करता पीआर सोडला तर पुढे कधी शिकायला नाहीतर नोकरीला अर्ज केला की ते बघितलं जातं. दार तसं बंदच होतं. बाबा म्हणाले तुला परत जायचं असेल तर आपण सगळे जाऊ. मी नाही म्हटलं. पंधरा वर्षांच्या मुलाचं नाही कितपत धरायचं हा तुमचा पुढचा प्रश्न असेल तर तो बरोबर आहे, त्याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नसतं.

पण परका देश म्हणालात तिथे मी थांबतो. मी दहा वर्षांचा असल्यापासून इथे राहतो. ज्या रस्त्याने शाळेत गेलो, ज्या बसस्टॉपखाली पावसात उभा राहिलो, पाचवीत ज्याने मला झेंडा हलवायला शिकवलं, ते सगळं परकं कसं म्हणू. आणि म्हणून नाशिक परकं होत नाही. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो की अजून रामकुंडात पाय बुडवतो. दोन देशांचे पासपोर्ट ठेवता येत नाहीत, ना भारत देतो ना सिंगापूर, एक निवडावाच लागतो आणि मी निवडलाय, अर्ज केलाय. तो दिवस सोपा नव्हता. बाबांनी त्या दिवशी ऑफिसला सुट्टी घेतली होती आणि आजीला फोन मी स्वतः केला. ती म्हणाली जिथलं मीठ खाल्लंस तिथे उभा राहिलास, बरं केलंस.

---

अश्दोदकर

शलोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळ गाव रायगड जिल्ह्यात, आईवडील १९६० च्या दशकात इस्राएलला आले. घरात अजून मराठी बोलतो, नातवंडांना समजते पण उत्तर हिब्रूत देतात.

आमच्याकडे मुलींनाही सक्ती आहे, माझ्या मुलाने केली आणि मुलीनेही केली. आमचा स्वातंत्र्यदिन शहीद सैनिकांच्या स्मरणदिनाला चिकटून येतो. आदल्या दिवशी स्मरणदिन, सकाळी अकरा वाजता दोन मिनिटं भोंगा वाजतो, हायवेवर गाड्या थांबतात, लोक उतरून उभे राहतात. आणि त्याच संध्याकाळी सूर्य मावळला की सण सुरू. मुलगा त्या वर्षी तळावरच होता, सुट्टी नव्हती. सगळीकडे लोक बागांमध्ये मांस भाजत होते, मी आणि बायको घरात बसलो. तुझ्या आईच्या पाचव्यांदा टाकलेल्या अक्षता वाचल्या आणि बायकोला वाचून दाखवल्या. आमच्याकडे मुलगा भरती झाला तेव्हा मलिदा केला होता, पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं, एलियाहू हानबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने. परत सुखरूप आला तेव्हा पुन्हा केला. कोकणातून आलेली आमची ही एक गोष्ट आहे जी इथल्या दुसऱ्या कुठल्याच ज्यू घरात नाही.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आईबापाचं एनएस कुणी मोजत नाही.

---

इतिहासवेडा

धागा वाचताना पडांग नावावर अडकलो. मंडळी, हे तेच मैदान आहे. ५ जुलै १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सेनेची पाहणी इथेच केली, तिथल्या म्युनिसिपल इमारतीसमोर, आणि चलो दिल्लीची हाक दिली. त्याच इमारतीत १२ सप्टेंबर १९४५ ला जपान्यांनी शरणागती दिली. जवळच एस्प्लनेडला आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांचं स्मारक होतं, ब्रिटिश परत आल्यावर त्यांनी ते उडवलं, आता तिथे खुणेचा फलक आहे. आणि १९६६ ची सिंगापूरची पहिली नॅशनल डे परेडही पडांगवरच.

शिवाय ९ ऑगस्ट आपल्यासाठी क्रांती दिन. १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला तो हाच दिवस. रोखठोक यांना मी म्हणेन की या मुलाचं त्या मैदानावर उभं राहणं इतकंही परकं नाही, तिथे आपली माणसं आधी उभी राहून गेलीत आणि त्यातली बरीचशी मलायातल्या रबराच्या मळ्यांतली कामगार होती, ज्यांनी भारत डोळ्यांनी बघितलाही नव्हता.

---

गोदाकाठ

इतिहासवेडा, फलक बघितलाय मी. रिहर्सलच्या वेळी एका दुपारी आमच्या सेक्शनमधल्या तमिळ मुलाने दाखवला, त्याचे पणजोबा आझाद हिंद सेनेत होते असं घरात सांगतात. तो मुलगा म्हणाला की आमच्या घरातला मी पडांगवर उभा राहणारा दुसरा. मी त्याला क्रांती दिनाचं सांगितलं, त्याला माहीत नव्हतं.

---

देवळालीकर

गोदाकाठ, तू नाशिकचा आणि मी देवळाली कॅम्पचा, म्हणून लिहायलाच बसलो. तुझ्या सिंगापूरचे तोफखान्यावाले आमच्याकडे येतात माहीत असेलच. देवळालीच्या फायरिंग रेंजवर भारत आणि सिंगापूरचा अग्नी वॉरियर सराव होतो, २०२४ च्या नोव्हेंबरातही झाला. तोफा सुरू झाल्या की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, आम्हाला लहानपणापासून सवय. तुझ्या ओळखीचं कुणी आलं होतं का?

---

गोदाकाठ

आलेला! टेकाँगवर माझ्या शेजारच्या पलंगावर झोपणारा चिनी मुलगा, पुढे आर्टिलरीत गेला. देवळालीहून परत आल्यावर मला फोन करून म्हणाला तुझं गाव बघितलं, थंडी होती, द्राक्षांचे मळे होते, आणि कुणीतरी लाल रश्श्याचं काहीतरी खायला दिलं, डोळ्यातून पाणी आलं. मिसळ! मी इतकी वर्षं सिंगापुरात त्याला सांगत होतो आणि तो ती माझ्या आधी नाशकात खाऊन आला.

---

सीमा_पुंगोल

गोदाकाठ, लेख मी नवऱ्याला आणि मुलाला दोघांना वाचायला लावला. मुलगा सतरा पूर्ण, पुढच्या जानेवारीत एनलिस्टमेंट. मला विचारायचं होतं की सणासुदीला घरी सोडतात का रे? दिवाळीला, गणपतीला? आणि आम्ही पूर्ण शाकाहारी, त्याचं काय होतं? तुझ्या आईने पहिले काही आठवडे कसे काढले तेही सांग, मला आत्तापासूनच झोप लागत नाही.

---

गोदाकाठ

सीमाताई, एकेक सांगतो.

दिवाळीला इथे पब्लिक हॉलिडे असतो त्यामुळे बहुतेक वेळा घरी. पण कॅम्प कधीच रिकामा ठेवत नाहीत, गेटवर आणि आत गस्तीला कुणीतरी लागतंच, आणि सुट्टीच्या दिवशीची गार्ड ड्युटी ही सगळ्यात नकोशी. तिथे मुलं आपापसात जमवून घेतात. चिनी नववर्षाला मलय आणि भारतीय मुलं ड्युटी घेतात, हरी रायाला, म्हणजे ईदला, चिनी आणि आम्ही, दिवाळीला ते सगळे. ३१ ऑक्टोबर २०२४ ला माझी ड्युटी लागली होती, माझ्या बडीने न विचारता स्वतःच्या नावावर घेतली, मला मेसेज फक्त एवढाच की घरी जा आणि चकल्या आण. २०२५ च्या हरी रायाला, ३१ मार्चला, मी त्याची केली. रात्री गेटवर उभा होतो, त्याची आई जेवणाचा डबा घेऊन आली, रेंदांग आणि केतुपात, मग आठवलं मी मांस खात नाही तर परत जाऊन भाजीचा वेगळा डबा घेऊन आली. गणपतीला मात्र सुट्टी नसते. रजा मागता येते, मिळेलच असं नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी आरती फोनवर ऐकली.

शाकाहारी जेवणाची चिंता करू नका, कुकहाऊसला वेगळी सोय असते, पहिल्याच दिवशी फॉर्मवर नीट नोंदवा आणि मुलाला स्वतःहून सार्जंटला सांगू दे, तुम्ही सांगू नका. फील्डवर, म्हणजे बाहेरच्या सरावात, पाकिटातलं जेवणही शाकाहारी मिळतं. चव सोडा, पोट भरतं.

सोबत काय द्यायचं ते आईला विचारून लिहितोय. झिपलॉक पिशव्या भरपूर, मोठ्या आणि छोट्या दोन्ही, फील्ड कॅम्पला प्रत्येक कपड्यांचा जोड वेगळ्या पिशवीत बंद करावा लागतो नाहीतर पावसात सगळं भिजतं. घामोळ्याची पावडर मोठा डबा, कारण तिथे चार-पाच दिवस अंघोळ नाही, पावडरनेच अंघोळ. टाचांना लावायची पट्टी. काळ्या मोज्यांचे जास्तीचे जोड. घड्याळ साधं, कॅमेरा नसलेलं. लाडू वगैरे देऊ नका, बंकमध्ये खायचं ठेवू देत नाहीत, मुंग्या येतात आणि शिक्षा सगळ्यांना होते.

आईच्या झोपेचं विचारलंत. ती म्हणते पहिले दोन आठवडे वाईट जातात, त्यानंतर पहिला बुक आऊट असतो आणि मुलगा घरी येऊन जेवतो आणि सलग झोपतो, तेव्हा तुम्हालाही झोप लागेल. तिचा नंबर तुम्हाला खाजगी निरोपात पाठवतो. तिने स्वतःच सांगितलंय द्यायला, रात्री दहानंतर फोन केला तरी चालेल म्हणाली.